शंभर काड्या

धरणगावात आमच्या मोहल्ल्यात कुणी आपल्या दुखण्याचं फार रडगाणं गाऊ लागलं की त्याला माझ्या वडिलांचं उदाहरण देत. पिंजाऱ्याच्या घरी जाऊन बघ म्हणत, अय्यूब नबींची सबर, सोसण्याची ताकद, काय असते ते तिथे दिसेल. लोक खरंच येत. अब्बा भिंतीला लागून असलेल्या लोखंडी पलंगावर पडलेले असत. आलेला माणूस उशाशी बसे, चार बऱ्या गोष्टी ऐके, डोळे पुसे आणि जाताना आमच्या मायला सांगे, "भाभी, नशीबवान आहात. असा माणूस घरात आहे." माय तेव्हा बहुतेक वेळा हातात तसराळं किंवा ओलं फडकं घेऊन उभी असे. ती मान हलवी.

हजरत अय्यूबांची कथा आमच्या लोकांत लहान पोराला पण ठाऊक असते. मराठी शाळेतल्या माझ्या मैत्रिणींना मात्र ती नवीन होती, म्हणून इथेही थोडक्यात सांगते. अय्यूब अल्लाहचे नबी, म्हणजे प्रेषित. शेतं, गुरं, मुलंबाळं, कशाला कमी नव्हतं. मग परीक्षा आली. संपत्ती गेली, मुलं गेली, अंगभर जखमा झाल्या. लोकांनी गावाबाहेर काढलं. कुणी सात वर्षं म्हणतात, कुणी अठरा. इतकी वर्षं त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. शेवटी अल्लाहने हाक ऐकली, पायाखाली गार पाण्याचा झरा फुटला, त्यात अंघोळ करून ते बरे झाले आणि गेलेलं सगळं परत मिळालं. कथा एवढीच सांगतात. त्या सगळ्या वर्षांत त्यांच्याजवळ एक बाई होती, त्यांची बायको. ती सांगणाऱ्याला आठवली तर आठवते.

अब्बा आजारी नव्हते, पडले होते. आम्ही पिंजारी. हिवाळ्यापासून लग्नसराई संपेपर्यंत अब्बा खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण टाकून गावोगाव फिरत, लोकांच्या गाद्या उसवून कापूस पिंजत आणि पुन्हा भरून देत. कापसाच्या हंगामात मात्र ते एका जिनिंग कारखान्यात गाठी चढवायच्या कामावर जात. मी तेव्हा सहा वर्षांची होते, ऐंशीचं दशक अर्धं सरत आलं होतं. ट्रकवर रचलेल्या गाठींवरून अब्बांचा पाय घसरला आणि ते पाठीवर आपटले. जळगावला नेलं, तिथून धुळ्याला. दोन महिन्यांनी त्यांना परत आणलं तेव्हा कमरेखालचं शरीर त्यांचं राहिलं नव्हतं. हात मात्र शाबूत होते, जीभही शाबूत होती. पडण्याआधी अब्बा मोठे थट्टेखोर होते. बाजारातून येताना चार घरी थांबून चार जणांना हसवून येत. हे मला आठवतं की मायने सांगितल्यामुळे आठवल्यासारखं वाटतं, ते मला आता सांगता येणार नाही.

आमच्यात बायका गाद्यांना टाके घालतात, पिंजण पुरुष चालवतात. मायने तीन महिने वाट पाहिली. मग एक दिवस खुंटीवरचं पिंजण काढलं, त्याच्या तातीवर, ताणलेल्या दोरीवर, बोट फिरवून बघितलं आणि अंगणात बसून घरातलीच एक जुनी उशी पिंजायला घेतली. पहिल्या दिवशी तिच्या तळहाताला फोड आले. माझे चुलते, म्हणजे अब्बांचे मोठे भाऊ, त्यांना आम्ही मोठे अब्बा म्हणत असू, ते आले आणि म्हणाले की घराण्यात असं कधी झालं नाही. माय म्हणाली की घराण्यात असं कुणी पडलंही नव्हतं. मोठे अब्बा उठून गेले. ते मशिदीच्या कमिटीत होते, त्यांना उलट बोललेलं चालत नसे.

त्यानंतर माय कामाला जाऊ लागली. सकाळी अब्बांचं सगळं आवरायचं, कूस बदलायची, पाठीच्या जखमा लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुवायच्या, भाकरी टाकायच्या आणि पिंजण उचलून निघायचं. संध्याकाळी यायची तेव्हा भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं कापसाने पांढरं झालेलं. आल्या आल्या पुन्हा तेच, जखमा, कूस, भाकरी. अब्बांसाठी तिने एक वेगळीच गादी केली होती. जखमा जिथे टेकतील तिथे खळगे ठेवलेले, बाकी कापूस इतका मोकळा की हात घातला तर पीठ वाटावं. पण माणसाच्या वजनाने कापूस पंधरा दिवसांत बसतो, गाठी होतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी माय त्यांना बाजेवर सरकवी, गादी उसवी, सगळा कापूस पुन्हा पिंजे आणि दुपारपर्यंत पुन्हा टाके घालून अंथरून देई. लोकांची गादी पाच वर्षांनी पिंजतात. धुळ्याच्या डॉक्टरांनी एकदा पाठ बघून विचारलं होतं की इतक्या वर्षांच्या मानाने जखमा इतक्या कमी कशा. अब्बांनी वर बोट केलं आणि म्हणाले, "त्याची मेहेरबानी." माय पिशवीत एक्सरे भरत होती.

मी दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या मशिदीत नवे इमामसाहेब आले. तरुण होते, उत्तरेकडचे, आवाज गोड. घरात आम्ही अहिराणी बोलत असू, त्यांचं उर्दू आमच्या बायकांना अर्धंच कळे, पण आवाजासाठी त्या ओट्यावर बसून ऐकत. एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, त्यांनी अय्यूब नबींची कथा सांगितली आणि शेवटी म्हणाले की दूर कशाला जाता, याच मोहल्ल्यात एक बंदा अशा परीक्षेत आहे आणि मी त्याच्या तोंडून शुक्रशिवाय, अल्लाहच्या आभाराशिवाय, काही ऐकलेलं नाही. त्या दिवशी नमाज सुटल्यावर वीस-पंचवीस माणसं आमच्या घरी आली. अब्बांना रडू फुटलं. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे बघायला इतकी माणसं कधी आली नव्हती.

तिथून अब्बा बदलले. आधी ते चिडत, ओरडत, भांडं फेकत, कधी मायचा हात धरून मुलासारखे रडतही. ते मला परवडत होतं. आता बाहेरच्या दारात कुणाची चाहूल लागली की ते टोपी सारखी करत, तसबीहची माळ हातात घेत आणि त्यांचा आवाजच वेगळा होई. कुणी आजारी लेकराला फुंकर घालून घ्यायला आणू लागलं. केळी येत, खजूर येत. माणसं गेली की टोपी उशाखाली जाई आणि दिवसभर गिळलेलं सगळं मायवर पडे. पाणी गार नाही. हात खडबडीत आहेत तुझे. कुठे इतका वेळ लागला. कुणाच्या अंगणात बसली होतीस. मायने एकदा मला विचारलं होतं, फार हळू, "मन्हा काय गुन्हा शे?" माझा गुन्हा काय आहे. मी अकरा वर्षांची, मला काय सांगता येणार होतं.

अब्बा अय्यूब झाले त्या कथेत माझाही हात आहे. दिवसा मी मराठी शाळेत जात होते, संध्याकाळी मदरशात, त्यामुळे मला उर्दू वाचता येऊ लागलं होतं. इमामसाहेबांनी अब्बांना नबींच्या गोष्टींचं एक पुस्तक दिलं. अब्बांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवी. सुलेमान, मूसा, यूनुस यांच्यात त्यांना रस नव्हता. अय्यूबांची कथा मी किती वेळा वाचली असेल त्याला गणती नाही. त्यात एक पानभर मजकूर त्यांच्या बायकोबद्दल होता. तिचं नाव कुराणात नाही, पण पुस्तकात रहिमा असं दिलं होतं. ती लोकांच्या घरी राबून नवऱ्यासाठी भाकर आणायची. पुढे रोगाच्या भीतीने लोकांनी तिला काम देणंही बंद केलं तेव्हा तिने आपल्या वेण्या कापून विकल्या. मी त्या पानावर आले की अब्बा म्हणत, "ते सोड. पुढलं वाच." पुढलं म्हणजे झरा फुटतो ते. मी ते पान उलटत असे. उलटून उलटून त्याचा कोपरा मऊ पडला होता.

त्याच पानाच्या मागच्या बाजूला शपथेची गोष्ट होती. आजारपणात कशावरून तरी अय्यूब बायकोवर रागावले आणि त्यांनी शपथ घेतली की बरा झालो की हिला शंभर फटके मारीन. बरे झाल्यावर मोठा पेच पडला. शपथ मोडावी तर नबी, आणि मारावं तर जिने एवढं केलं तिला. तेव्हा अल्लाहने सांगितलं की गवताच्या काड्यांची एक जुडी हातात घे आणि एकदाच लाव, म्हणजे तुझी शपथही मोडणार नाही. हा भाग अब्बा दोनदोनदा वाचायला लावत.

मी सातवीत होते तेव्हा लग्नसराईत माय एरंडोलच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात पिंजायला गेली होती. पाटलांच्या घरी सात गाद्या होत्या. दुपारच्या एसटीने ती परत यायची. गाडी वाटेत बिघडली. दुसरी मिळून ती घरी पोचायला मगरीबची, दिवेलागणीची अजान होऊन गेली. तोपर्यंत मी एकटीच अब्बांजवळ होते. चारच्या सुमारास त्यांचं पोट बिघडलं. त्यांनी बराच वेळ मला काही सांगितलं नाही. मग वास आला. मी मोठ्या अब्बांकडे पळत गेले, ते आपल्या दुकानात नव्हते, घरी गेले तर काकूने सांगितलं की ती हे करणार नाही. मी परत आले, पाणी तापवलं आणि मायला रोज बघितलं होतं तसं सगळं केलं. मला त्यांना नीट वळवता येईना, तेव्हा त्यांनीच पलंगाचा गज धरून अंग ओढलं. सगळं होईपर्यंत अब्बांनी डोळ्यांवर हात आडवा ठेवला होता. मी त्यांची बारा वर्षांची मुलगी होते. 

माय आली तेव्हा मोठे अब्बा आणि दोघे-तिघे येऊन बसले होते. तिच्या खांद्यावर पिंजण होतं. तिने दारातूनच सांगायला सुरुवात केली की गाडी बिघडली. अब्बांनी तिला पुरं बोलू दिलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "अल्लानी कसम, इले शंभर फटका मारसू." हिला शंभर फटके मारीन.  मायने पिंजण खुंटीला लावलं आणि चुलीकडे गेली.

मला आज कळतं की त्यांना राग मायचा नव्हता. पण ते मला आज कळतं.

शपथ रागात घेतली होती आणि दोन दिवसांत विसरलीही गेली असती. मोठ्या अब्बांनी ती विसरू दिली नाही. चार माणसांसमोर अल्लाहचं नाव घेतलंय म्हणाले. इमामसाहेबांना बोलावलं. त्यांनी साफ सांगितलं की अशा शपथेला कफ्फारा आहे, म्हणजे प्रायश्चित्त. दहा गरिबांना जेवू घाला, ते जमत नसेल तर तीन रोजे ठेवा, मोकळे व्हाल. मायने आतून ऐकलं आणि ती लगेच म्हणाली की दहा माणसांचं जेवण मी करते, ह्यांच्याऐवजी मी राबते. इमामसाहेबांनी मान डोलावली. मला वाटलं संपलं.

पण अब्बा म्हणाले की नबींनी काड्या मारल्या होत्या, मीही काड्याच मारणार. इमामसाहेबांनी समजावलं की ती सूट त्या बाईला त्रास होऊ नये म्हणून होती, आणि ते नबी होते. अब्बांचा चेहरा उतरला. मोठे अब्बा मध्ये पडले. म्हणाले, काड्यांनी काय लागतं, त्याच्या मनाचं समाधान होईल, आजारी माणूस आहे, आणि लोकांनाही नबींची सुन्नत, त्यांची रीत, बघायला मिळेल. इमामसाहेबांनी मोठ्या अब्बांकडे बघितलं. मग खाली चटईकडे बघितलं. आणि म्हणाले, जशी तुमची मर्जी.

जुम्म्याचा दिवस ठरला. मोठ्या अब्बांनी शेतातून वाळलेल्या गवताचा भारा आणला आणि माझ्यापुढे टाकला. तू शाळेत जातेस, मोज म्हणाले. ओट्यावर बसून मी काड्या मोजल्या. दहा-दहाचे ढीग केले, दहा ढीग. एक ढीग अकराचा झाल्यासारखा वाटला म्हणून पुन्हा मोजला. बरोबर शंभर काड्या मी सुतळीने बांधून दिल्या. गणितात मी हुशार होते. कमी बांधायला हव्या होत्या, जास्त बांधायला हव्या होत्या, भारा विहिरीत टाकायला हवा होता, हे सगळं मला नंतर पुष्कळ वर्षं सुचत राहिलं. त्या दिवशी मला फक्त हिशेब चुकायची भीती होती.

नमाजानंतर पंधराएक माणसं आली. अब्बांना पाठीशी उशा लावून बसवलं होतं, मायनेच बसवलं होतं. माय पलंगाजवळ जमिनीवर पाठ करून बसली. डोक्यावरचा पदर तिने कपाळापर्यंत ओढून घेतला. मोठ्या अब्बांनी जुडी अब्बांच्या हातात दिली. अब्बांचा हात वर गेला, थोडा थरथरला आणि खाली आला. आवाज झालाच नाही म्हणा. वाळलेलं गवत ते. थोड्या काड्या मोडून मायच्या मांडीवर पडल्या. लोक म्हणाले सुभानअल्लाह. एक म्हातारे रडू लागले. कुणीतरी रेवड्या आणल्या होत्या, त्या वाटल्या. मलाही दिल्या.

माय उठली. पडलेल्या काड्या तिने एकेक वेचल्या, चुलीत टाकल्या आणि आलेल्यांसाठी चहा ठेवला. चहा सगळ्यांना पुरला.

त्या संध्याकाळी अब्बांनी पाणी मागितलं, तिने दिलं. भाकर मागितली, दिली. कूस बदलली, जखमा धुतल्या. अब्बा काहीतरी बोलले, बहुधा लोकांबद्दल, ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याभराने अब्बांनी मला विचारलं की तुझी माय आजारी आहे का. मी म्हटलं नाही, माझ्याशी तर बोलते. माझ्याशी बोलत होती, शेजारणीशी, गिऱ्हाइकांशी, बकरीशीसुद्धा. अब्बांशी नाही. पुढे साडेतीन वर्षं ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

तिने काम एकाही दिवसाचं सोडलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. गादी पंधरा दिवसांनी उसवली जात होती. लिंबाचा पाला उकळला जात होता. त्यांना काय हवंय ते तिला विचारावं लागतच नव्हतं. अब्बांनी आधी शिव्या दिल्या. मग मला मध्यस्थ केलं, मायला सांग असं असं. माय ऐके आणि करे, उत्तर नाही. मग ते विनवू लागले. ती भांडी घासताना पलंगावरून म्हणत, "काहीतरी बोल ना वं." बोल ना गं काहीतरी. भांड्यांचा आवाज तेवढा येत राही.

आणि ही गोष्ट ते कुणाला सांगू शकत नव्हते. लोक येत होते, उलट जुडीच्या प्रसंगानंतर जास्तच येत होते. त्यांच्यासमोर अब्बांनी तक्रार केली असती तर अय्यूब कुठले राहिले असते. तेव्हा ते टोपी सारखी करत आणि शुक्र आहे म्हणत. दारात माय चहाचे कप घेऊन उभी असे. मी अभ्यास करता करता दोघांकडे बघे आणि मला तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटे. मी मन लावून शिकले ते बरंचसं त्यापायीच.

दहावीत असताना मी इमामसाहेबांना गाठलं. मदरशात मुलं पांगली होती. मी विचारलं की कथेतल्या बाईचा गुन्हा काय होता. ते म्हणाले, काही नव्हता. तिच्या सेवेची कदर म्हणून तर अल्लाहने तिला माराच्या आधीच वाचवलं, या गोष्टीतला सगळ्यात मोठा धडा तोच आहे, सबर फक्त पलंगावरच्याची नसते. मी म्हटलं, हे तुम्ही जुम्म्याला का नाही सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. म्हणाले, "बेटी, मी नवा होतो. मला ठेवायचं की काढायचं ते तुझ्या चुलत्यांच्या हातात होतं." मी म्हटलं की आता येऊन माझ्या मायला एवढंच सांगा. त्यांनी येतो म्हटलं. दोन महिन्यांनी त्यांना शिरपूरकडच्या एका मशिदीत जागा मिळाली आणि ते गेले. सामान टेम्पोत चढवलं तेव्हा आमच्या घरावरूनच गेले. ते वाईट नव्हते. वाईट माणसाचा राग धरणं सोपं असतं.

शेवटच्या हिवाळ्यात अब्बांना ताप येऊ लागला आणि तो हटेना. एका दुपारी त्यांनी मला ते पुस्तक काढायला सांगितलं. मी सवयीने झऱ्याचं पान उघडलं. ते म्हणाले, ते नको, बाईचं वाच. मी कधी मोठ्याने न वाचलेलं पान वाचलं. लोकांच्या दारात राबणं, काम बंद होणं, वेण्या. माय दारात बसून उशीला टाके घालत होती, तिचा हात थांबला नाही. वाचून झालं तेव्हा अब्बा तिच्याकडे बघून म्हणाले, "माले माफ कर." त्यांचा हा आवाज पाहुण्यांसमोरचा नव्हता. माय उठली, पेल्यात पाणी ओतलं, त्यांची मान उचलून त्यांना पाजलं, पदराने ओठ पुसले. आणि पुन्हा जाऊन बसली. अब्बा किती तरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. नऊ दिवसांनी ते गेले.

चाळिसाव्या दिवशी मोठ्या अब्बांनी भाषण केलं. जुडीचा प्रसंग त्यांनी असा रंगवून सांगितला की नव्या इमामांनी तो पुढे आपल्या बयानात, म्हणजे प्रवचनात, घेतला. मोहल्ल्यात आजही तो सांगतात. त्यात मीही असते, काड्या मोजणारी नेक मुलगी.

डी.एड. करून मी धुळ्याला शाळेत लागले आणि मायला घेऊन आले. तोवर जळगाव-धुळ्यात पिंजायची यंत्रं आली होती, शिवाय लोक फोमच्या गाद्या घेऊ लागले होते, तिला कुणी बोलावत नव्हतं. तिच्या छातीत कापूस बसला होता, रात्रंदिवस खोकायची. एका रविवारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. माझ्या मनात पुष्कळ दिवस होतं ते मी विचारलं. मरणाऱ्या माणसाने माफी मागितली होती, तू त्याला माफ केलंस की नाही.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "माफ तं त्याच दिनले करी टाकं व्हतं."

मला वाटलं पुस्तक वाचलं त्या दिवशी. मी म्हटलं, मग तेव्हा बोलली का नाहीस, नऊ दिवस होते तुझ्याकडे.

ती म्हणाली की त्या दिवशी नाही, जुडी मारली त्या दिवशीच. चहा ठेवताना. त्याचा हात थरथरला ते तिला पाठीवर कळलं होतं.

"मंग?"

"सांगं नही," माय म्हणाली. सांगितलं नाही.

 साडेतीन वर्षं. मी रोज मधे बसून दोघांकडे बघत होते ती साडेतीन वर्षं. मी काहीतरी फार कडू बोलले, ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं की भाजीत डाळ घालू का. मी म्हटलं घाल.

आता तीही नाही. अब्बांचा राग मला समजून घेता येतो, कारण त्यांच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. माझ्यावर माझा राग आहे तो काड्यांपुरता आहे. मायचा राग मात्र मला अजून येतो, आणि न बोलण्याचा तिला हक्क होता हेही मला त्याच वेळी पटतं. कथेतली ती बाई झऱ्याजवळ नवऱ्याशी पहिलं काय बोलली, हे मी पुष्कळ पुस्तकांत शोधलं. कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.